वळिवड्याची पोलिश वसाहत : १९४३ ते १९४८, आणि त्यानंतर

कोल्हापूरहून मिरजेकडे निघालेली गाडी रुकडी गाठण्याआधी वळिवडे नावाच्या लहानशा स्टेशनावरून जाते. जून १९४३ मध्ये, ऐन मृगात, या स्टेशनावर पोलंडच्या निर्वासितांची पहिली तुकडी उतरली. पुढच्या महिन्यांत एकामागून एक तुकड्या येत गेल्या आणि पंचगंगेजवळच्या माळावर सुमारे ५००० माणसांचे गाव उभे राहिले. त्यात बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे होती. १९४८ च्या सुरुवातीला ते गाव रिकामे झाले.

पाच वर्षेही पुरी न जगलेल्या छावणीचा इतिहास संस्थेचा इतिहास म्हणून का लिहायचा, असे या स्मरणिकेच्या वाचकाला वाटेल. छावणीत माणसे एरवी दिवस ढकलतात. वळिवड्याच्या माणसांनी शाळा काढल्या, परीक्षा घेतल्या, चर्च उभारले, सहकारी दुकान चालवले, नाटके बसवली, मुलांची बालवीर पथके तयार केली. इथे वाढलेली मुले पुढे जगभर पांगली आणि तरीही स्वतःला 'वळिवड्याची' म्हणवत राहिली. गाव उठून अर्धे शतक लोटल्यावर त्यांनी कोल्हापुरात येऊन कृतज्ञतेचा स्तंभ उभा केला. हे सगळे ज्या जागेने घडवले तिला संस्था म्हणायला मला जराही संकोच वाटत नाही.

ही माणसे कुठून आली ते थोडक्यात सांगतो, कारण ती कहाणी ज्यांची आहे त्यांनी स्वतःच सविस्तर लिहिली आहे. १ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरच्या फौजा पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसल्या आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा आल्या. फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात पूर्व पोलंडमधली कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सैबेरियात, उत्तर रशियाच्या अरण्यांत आणि कझाकस्तानात नेली गेली. शेतकरी, शिक्षक, जंगलखात्यातले नोकर, पोलीस, सैनिक, अशांची ही कुटुंबे होती. थंडी, उपासमार आणि टायफसने त्यातली कितीतरी माणसे तिथेच गेली. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, ३० जुलैला सोव्हिएत सरकार आणि लंडनमधले निर्वासित पोलिश सरकार यांच्यात करार झाला आणि या लोकांना 'माफी' मिळाली. गुन्हा कोणता, हे त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते. जनरल अँडर्स यांनी त्यांच्यातून सैन्य उभारले. १९४२ मध्ये हे सैन्य कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात आले आणि त्याच्या आधाराने तीस-चाळीस हजार बायकामुलेही बाहेर पडली. इराणमधून ती पांगली. कोणी पूर्व आफ्रिकेत गेले, कोणी मेक्सिकोत, कोणी न्यूझीलंडमध्ये, आणि काही हजार हिंदुस्थानात आले.

हिंदुस्थानात पहिला दरवाजा नवानगरच्या जामसाहेबांनी उघडला. अश्गाबादहून मालट्रकांत बसवून मशहद, झाहेदान, क्वेटा अशा वाटेने आणलेली अनाथ मुले एप्रिल १९४२ मध्ये मुंबईला पोहोचली आणि काही काळ वांद्र्याला राहिली. जाम दिग्विजयसिंहजींनी जामनगरजवळ बालाचडीला समुद्रकिनारी त्यांच्यासाठी वसाहत बांधून दिली. मुले त्यांना बापू म्हणत. फादर फ्रान्सिशेक प्लुता हे पोलिश धर्मगुरू तिथला कारभार पाहत. मुंबईतल्या पोलिश कॉन्सल जनरलच्या पत्नी कीरा बनासिंस्का पोलिश रेडक्रॉसच्या वतीने या कामात अखंड धावत होत्या. बालाचडी मुलांसाठी होती. इराणमध्ये आणि कराचीच्या तात्पुरत्या छावणीत अडकलेल्या आयांना आणि कुटुंबांना मोठी, दीर्घ मुदतीची जागा हवी होती. ती वळिवड्याला मिळाली.

इथे एक गोष्ट नीट नोंदवली पाहिजे. 'कोल्हापूरच्या महाराजांनी पोलिश निर्वासितांना आश्रय दिला' असे वाक्य आता बातम्यांत सर्रास येते. राजाराम महाराज १९४० च्या नोव्हेंबरात वारले होते. जून १९४३ मध्ये गादीवर असलेले सहावे शिवाजी महाराज पुरते दोन वर्षांचेही नव्हते. कारभार राजमाता ताराबाईसाहेब यांच्या काळातल्या राजप्रतिनिधी मंडळाकडे होता. जागा कोल्हापूर संस्थानची होती, व्यवस्थेवर देखरेख हिंदुस्थान सरकारची होती, आणि खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारच्या खात्यावर पडत होता. यामुळे आतिथ्याची किंमत कमी होत नाही. ते एका माणसाच्या औदार्यावर उभे नव्हते एवढेच यातून कळते, आणि पुढे जे सांगायचे आहे त्यासाठी हे महत्त्वाचे आहे.

वर्ष कोणते होते तेही लक्षात घ्यावे. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती. आपल्याकडेही युद्धामुळे धान्य, कापड, रॉकेल यांची टंचाई होती. बेचाळीसच्या चळवळीत दक्षिण महाराष्ट्रातले कितीतरी तरुण तुरुंगात होते, रत्नाप्पा कुंभारांसारखे प्रजा परिषदेचे कार्यकर्ते भूमिगत होते. स्वतः पारतंत्र्यात असलेला, स्वतः टंचाई सोसणारा हा मुलूख होता. त्याच्या वेशीवर परक्या रंगाची, परक्या धर्माची, एकही शब्द न कळणारी पाच हजार माणसे येऊन राहिली. त्यांना घेऊन आलेले सरकार इंग्रजांचे होते आणि त्याच इंग्रजांविरुद्ध गावे पेटलेली होती. तरीही आसपासच्या गावांनी या माणसांना त्रास दिल्याची कहाणी पोलिश आठवणींतून ऐकू येत नाही. मला या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

वसाहत म्हणजे कौलारू छपरांच्या लांबच लांब बराकींच्या रांगा होत्या. एका बराकीत अनेक कुटुंबे राहत. प्रत्येकाला एकदोन खोल्या, स्वयंपाकाची छोटी जागा आणि पुढे ओसरी मिळे. वसाहतीचे विभाग पाडलेले होते. पोलिश बाजूचे प्रमुख कॅप्टन यागिएव्वोविच होते. इस्पितळ होते, अनाथालय होते, पोस्ट होते, चर्च होते. पण वसाहतीचे रूप ठरले ते एका साध्या निर्णयाने. इथे सामुदायिक भटारखाना नव्हता. कुटुंबाला भत्ता मिळे आणि बाईने बाजार करून आपली चूल पेटवायची असे.

या निर्णयाचे महत्त्व आज आपल्याला चटकन जाणवणार नाही. सैबेरियात या बायकांनी दिवसाच्या भाकरीच्या तुकड्यासाठी झाडे तोडली होती. इराणच्या तंबूंत त्या मोठ्या पातेल्यांपुढे भांडी घेऊन उभ्या राहिल्या होत्या. तीन वर्षे त्यांच्या हाती चूल नव्हती. वळिवड्यात ती मिळाली. काय शिजवायचे, किती शिजवायचे, मुलाच्या वाढदिवसाला काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार परत आला. ओसरीपुढच्या हातभर जागेत त्यांनी फुलझाडे लावली, भाजीचे वाफे केले. आभार मानण्याआधी माणसाला ताठ उभे राहता यावे लागते. हात पसरून उभ्या असलेल्या माणसाने म्हटलेले 'उपकार झाले' आणि स्वतःच्या ओसरीवर पाहुण्याला बसवून चहा देणाऱ्या माणसाने म्हटलेले 'उपकार झाले' यांत फार अंतर आहे. वळिवड्याच्या कृतज्ञतेची मुळे मला या चुलीपाशी दिसतात.

चूल आली की बाजार आला, आणि बाजार आला की शेजारी आले. भत्त्याचे पैसे वळिवडे, चिंचवाड, गडमुडशिंगी, उचगाव या पंचक्रोशीतच खर्च होत. दूधवाले, भाजीवाल्या, अंडी विकणारी पोरे, शिंपी, चांभार, सुतार अशी सगळी माणसे वसाहतीत येऊ लागली. या विक्रेत्यांनी भराभर पोलिश शिकून घेतले. आपला माल पोलिश नावाने पुकारत ओसऱ्यांवरून फिरणारे फेरीवाले ही वळिवड्याच्या मुलांची सर्वांत आवडती आठवण आहे. पुढे साठ-सत्तर वर्षांनी लिहिलेल्या आठवणींतही ते फेरीवाले येतातच. आपल्या भाषेत कोणी हाक मारणे ही गोष्ट त्या माणसांना रशियात मिळाली नव्हती. ती त्यांना इथल्या, बहुधा शाळेची पायरीही न चढलेल्या माणसांकडून मिळाली. त्या विक्रेत्यांना यात काही विशेष केल्यासारखे वाटले नसेल. गिऱ्हाइकाशी त्याच्या बोलीत बोलावे, एवढाच त्यांचा व्यवहार होता. घेणाऱ्याने मात्र ते आयुष्यभर जपले.

शाळा ही वसाहतीची खरी शान होती. अनेक मुलांची दोन-तीन वर्षे वाया गेली होती. काहींना तर लिहितावाचताही येत नव्हते. बालवाडीपासून शालान्त परीक्षेच्या पुढच्या वर्गांपर्यंत सगळे पोलिशमधून सुरू झाले. व्यवसायशिक्षणही होते. क्रमिक पुस्तके पुरेशी नव्हती, तेव्हा शिक्षक आठवणीतून सांगत आणि मुले वह्यांत उतरवून घेत. पोलंडचा भूगोल शिकताना खिडकीबाहेर उसाचे फड दिसत. ज्यांना घर फारसे आठवतही नव्हते अशा मुलांना आपल्या देशाच्या नद्या आणि शहरे पाठ होती. शिक्षिका बहुतेक स्वतःच विधवा किंवा नवऱ्याचा पत्ता नसलेल्या. त्यांचा पगार तुटपुंजा आणि उत्साह अपार असे. पुढे इंग्लंडात, अमेरिकेत, कॅनडात इंजिनिअर, डॉक्टर, प्राध्यापक झालेल्या कितीतरी मुलांचे पहिले पक्के शिक्षण कोल्हापूरच्या माळावरच्या या वर्गांत झाले.

बालवीर चळवळ शाळेच्या खालोखाल महत्त्वाची. ज्दिस्वाव पेश्कोव्स्की हे तरुण घोडदळ अधिकारी इथे बालवीरांचे मार्गदर्शक म्हणून आले. रशियात बंदी असलेले त्यांचे बहुतेक सहकारी अधिकारी १९४० च्या वसंतात कातीनच्या जंगलात मारले गेले होते. मोजके वाचले त्यांत ते एक होते. पुढे ते धर्मगुरू झाले आणि कातीनच्या मृतांच्या कुटुंबीयांसाठी त्यांनी आयुष्य वेचले. अशा माणसाने वळिवड्यातल्या पोरक्या पोरांना शेकोटीभोवती गाणी शिकवली, डोंगरावर नेले, दोऱ्यांच्या गाठी मारायला शिकवले. अशक्त आणि छातीच्या विकाराच्या मुलांना पाचगणीच्या हवेत ठेवले जाई. सह्याद्रीच्या कड्यांवरून पाऊस येताना पाहिलेली मुले पुढे थंड देशांत म्हातारी झाली, पण पहिल्या पावसातल्या मातीचा वास विसरली नाहीत, असे त्यांच्या लिखाणातून पुन्हा पुन्हा जाणवते.

इथे वांदा दिनोव्स्कांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. या विदुषी १९३५ साली हिंदुस्थानात आल्या. गांधीजींच्या सहवासात आल्यावर त्यांचे नाव उमादेवी झाले. पोलिश निर्वासित आले तेव्हा इथल्या जीवनाची, विचारांची, ग्रंथांची ओळख त्यांना पोलिशमधून करून देण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. १९४४ मध्ये मॉरिस फ्रीडमन यांच्या मदतीने त्यांनी पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली आणि गीतेसह कितीतरी ग्रंथ पोलिशमध्ये आणले. फ्रीडमन हे नाव मराठी वाचकाला परके नसावे. वॉर्सात जन्मलेला हा ज्यू अभियंता वळिवडे वसण्याच्या आधीच औंध संस्थानात पोहोचला होता. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी प्रजेला स्वराज्य देणारी जी राज्यघटना आणली, तिच्या आखणीत त्यांचा हात होता. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचे इंग्रजी पुस्तक १९७३ साली सिद्ध केले ते याच फ्रीडमननी. आणि उमादेवी? तिबेटमधून निर्वासित आले तेव्हा त्या तिबेटी मुलांच्या मदतीला धावल्या आणि १९७१ मध्ये म्हैसूरला त्यांचा अंत झाला. वळिवड्यात आपल्या देशबांधवांसाठी या भूमीने जे केले ते पाहिलेली बाई, त्याच भूमीत आलेल्या दुसऱ्या निर्वासितांच्या सेवेत उरलेले आयुष्य घालते. आभार मानण्याची याहून सुंदर रीत मला ठाऊक नाही.

वसाहतीतल्या बायकांचे नवरे, भाऊ, थोरले मुलगे अँडर्स यांच्या सैन्यातून इटलीत लढत होते. १८ मे १९४४ रोजी पोलिश तुकड्यांनी मॉन्टे कॅसिनोच्या मठावर आपला झेंडा लावला. त्याआधी त्याच डोंगरावर भारतीय डिव्हिजनच्या सैनिकांनी रक्त सांडले होते. त्याच इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्री होती. कोकणातले यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये तिथेच पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीच्या लढाईत हाच मान मिळवला. सेनिओवरच्या त्या हल्ल्यात पोलिश कोअरही उतरली होती. कोल्हापूरच्या खेड्यांतली आई टपालाची जशी वाट पाहत होती, तशीच वळिवड्याच्या बराकीतली बाईही पाहत होती, आणि दोघींची पत्रे एकाच मुलखातून यायची होती. या दोन बायका बाजारात एकमेकींसमोर बसून भाजीचा भाव करत असतील. त्यांना एकमेकींचे सगळे कळत नसेल, पण तार आली की काय होते ते दोघींनाही कळत होते.

युद्ध जिंकले, पण वळिवड्याच्या माणसांच्या वाट्याला विजय आला नाही. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे गेला. वसाहतीतल्या बहुतेकांची घरे, शेते, पूर्वजांच्या कबरी नेमक्या त्याच भागात होत्या. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातल्या नव्या, मॉस्कोच्या छायेतल्या सरकारला दिली. खर्च आणि व्यवस्था मग संयुक्त राष्ट्रांच्या मदत यंत्रणेकडे गेली. परत जावे तर घर परदेशात गेलेले, आणि ज्यांनी हाकलले त्यांचीच सत्ता तिथे बसलेली. न जावे तर कुठे? १९४६ मध्ये बालाचडीची वसाहत बंद झाली आणि तिथली मुलेही वळिवड्याला आली. गाव एका बाजूने भरत होते आणि दुसऱ्या बाजूने उठण्याच्या तयारीत होते.

१९४७ उजाडले तेव्हा इथल्या लोकांना देश मिळत होता आणि वळिवड्याच्या पाहुण्यांचा गेलेला होता. सैनिकांच्या कुटुंबांना ब्रिटनने आपल्याकडे घेतले. काही जण पोलंडला परतले, काही पूर्व आफ्रिकेतल्या पोलिश वसाहतींत गेले, पुढे काही अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. वळिवड्याच्या स्टेशनावरून मुंबईच्या बोटीकडे गाड्या सुटत राहिल्या. काही माणसे इथल्या मातीतच राहिली. त्यांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. वसाहतीतल्या एका तरुणीने कोल्हापूरच्या मराठी घरात लग्न केले. ती इथली सून झाली, मराठी बोलू लागली आणि आयुष्यभर कोल्हापुरातच राहिली. वसाहतीचा शोध घेत पुढे जे परदेशी पाहुणे आले, त्यांच्यासाठी कोल्हापुरातले तिचे घर हा पहिला पत्ता होता.

जागा रिकामी राहिली नाही. फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे याच बराकींत आली. त्यांचीही घरे परदेशात गेली होती, त्यांनाही इथली भाषा येत नव्हती. वस्तीचे नाव गांधीनगर झाले. हातगाडीवर, खांद्यावर कापडाचे गठ्ठे घेऊन त्यांनी गावोगाव फिरायला सुरुवात केली आणि दोन पिढ्यांत गांधीनगर ही कापडाची मोठी घाऊक पेठ झाली. सांगली, बेळगाव, कोकणपट्टीतले दुकानदार आज दिवाळीआधी मालासाठी तिथे गर्दी करतात. सिंधी कुटुंबांनी कोणता स्तंभ उभारला नाही. ती इथलीच झाली, मराठी बोलू लागली, सणावारांत मिसळली. राहिलेला माणूस आभार मानत नाही, तो नातेवाईक होतो. गेलेल्या माणसाला मात्र आभार शब्दांत सांगावे लागतात. एकाच जागेवर लागोपाठ वसलेल्या दोन निर्वासित समाजांची ही दोन रूपे शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत. वळिवड्याचा इतिहास लिहिताना गांधीनगर वगळणाऱ्यांशी माझे म्हणूनच मतभेद आहेत.

पोलिश लोकांना ते शब्द उच्चारायला एवढा उशीर का लागला? १९४८ नंतर जवळजवळ पन्नास वर्षे कोल्हापुरात या वसाहतीचे नाव फारसे कोणी काढत नव्हते. लोकांना वाटले असेल, गेले आणि विसरले. तसे झालेले नव्हते. जे पोलंडला परतले त्यांना ही कहाणी उघडपणे सांगता येत नव्हती. 'तुम्ही हिंदुस्थानात कसे पोहोचलात?' या प्रश्नाचे उत्तर सैबेरियातून सुरू होत होते, आणि तिथल्या राजवटीत सोव्हिएत हद्दपारीबद्दल बोलणे धोक्याचे होते. कातीनचे नाव घेणेही धोक्याचे होते. कोल्हापूरला धन्यवाद द्यायचे तर आधी मॉस्कोवर आरोप करावा लागला असता. म्हणून परतलेल्या माणसांनी वळिवड्याचे फोटो ट्रंकांच्या तळाशी ठेवले. ब्रिटनमध्ये राहिलेल्यांना बोलता येत होते, पण त्यांची पहिली वर्षे कारखान्यांत, भाड्याच्या खोल्यांत, मुलांना मोठे करण्यात गेली. १९८९ मध्ये पोलंडमधली राजवट बदलली तेव्हा ट्रंका उघडल्या. पन्नाशी-साठी गाठलेली वळिवड्याची मुले दोन्ही बाजूंनी एकमेकांना शोधू लागली. लंडनमध्ये '१९४२-१९४८ काळातील भारतातील पोलिश' अशा नावाचे मंडळ झाले आणि त्यांचे मेळावे भरू लागले. जणू एखाद्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ.

त्यांनी दोन कामे केली. पहिले म्हणजे लिहिले. कागदपत्रे, नकाशे, फोटो आणि शेकडो आठवणी गोळा करून त्यांनी भारतातल्या वास्तव्याचा जाडजूड इतिहास सिद्ध केला. पोलिश आवृत्ती २००० साली लंडनला निघाली, इंग्रजी २००९ मध्ये. मुले मोठी होऊन शाळेचा इतिहास लिहितात, तसा तो आहे. शिक्षकांची नावे आहेत, कोणत्या बराकीत कोण राहत होते ते आहे, नाटकांच्या आठवणी आहेत. दुसरे काम म्हणजे ते परत आले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात १९९८ साली त्यांनी स्मृतिस्तंभ उभारला. केस पांढरे झालेल्या बायका आपली बराक कुठे होती ते गांधीनगरच्या दुकानांच्या गर्दीत शोधत फिरल्या. आईची, भावंडांची कबर त्यांनी पाहिली. ख्रिस्ती दफनभूमीतल्या कबरींची नंतर डागडुजीही झाली.

त्यानंतर दोन्ही देशांच्या सरकारांनी ही कहाणी आपली केली, आणि ते योग्यच झाले. वॉर्सात जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे, त्यांच्या नावाची शाळा आहे. २०१७ साली वॉर्सातल्याच मॉन्टे कॅसिनोच्या स्मारकाशेजारी वळिवडे-कोल्हापूर वसाहतीचा स्मृतिफलक बसला. इटलीतल्या त्या डोंगराचा आणि पंचगंगेकाठच्या माळाचा संबंध ज्यांना माहीत आहे त्यांना ही जागा किती अचूक निवडली ते कळेल. सप्टेंबर २०१९ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभाला ८० वर्षे झाली तेव्हा, पोलंडचे उपपरराष्ट्रमंत्री मार्चिन पशिदाच वळिवड्याला आले. त्यांच्यासोबत वसाहतीत वाढलेली वृद्ध मंडळी होती, कोल्हापूरकरांच्या वतीने संभाजीराजे छत्रपती होते, आणि गावात स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकावर पुष्पचक्र वाहिले.

या सगळ्या समारंभांपेक्षा मला २०२२ चा फेब्रुवारी-मार्च अधिक बोलका वाटतो. युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा तिथे वैद्यकीय शिकणारी आपली हजारो मुले अडकली. महाराष्ट्रातलीही कितीतरी होती. बोचऱ्या थंडीत बॅगा ओढत ती सीमेवर पोहोचली आणि पोलंडने व्हिसाची अट बाजूला ठेवून त्यांना आत घेतले. जेवण, पांघरूण, निवारा दिला. त्यांना घेणाऱ्या सगळ्याच पोलिश स्वयंसेवकांना वळिवडे ठाऊक होते असा दावा मी करणार नाही. युक्रेनमधून आलेल्या लक्षावधींना त्यांनी असेच घरात घेतले. निर्वासित होणे म्हणजे काय हे ज्या समाजाच्या आजीला ठाऊक असते तो समाज सीमेवरची मुले पाहून कसा वागतो, हे मात्र त्या दिवसांत जगाने पाहिले. दिल्लीतून पोलंडचे आभार मानले गेले तेव्हा बालाचडी आणि कोल्हापूर ही दोन्ही नावे पुन्हा निघाली.

आता आपल्या बाजूचे थोडे. वळिवड्याचा सगळा इतिहास आजवर पाहुण्यांनी लिहिला आहे. यजमानांनी अगदीच थोडा. पोलिश पुस्तकात शिक्षिकांची नावे आहेत, धर्मगुरूंची आहेत, बालवीर पथकांच्या प्रमुखांची आहेत. पण अंडी विकायला येणाऱ्या त्या पोराचे नाव नाही. बराकी बांधणारे गवंडी-सुतार, इस्पितळात राबणारे वॉर्डबॉय आणि आया, पाणी भरणारे, टांगेवाले, वळिवडे स्टेशनावरचे हमाल, ज्यांच्या शेतांच्या बांधावरून बालवीर डोंगराकडे जात ते शेतकरी, यांच्यातले फारसे कोणी नावानिशी नोंदले गेले नाही. पाहुण्यांना ती नावे लिहिता आली नाहीत, कारण बहुतेकांना ती पूर्ण कळलीच नव्हती. कृतज्ञता त्यांच्याकडे होती, पत्ता नव्हता. पत्ता देण्याचे काम आपले होते आणि ते आपण केलेले नाही. त्या काळी पंधरा-वीस वर्षांचे असलेले बहुतेक जण आता हयात नाहीत. पण त्यांच्या मुलांनी, नातवांनी घरात ऐकलेले बरेच काही अजून शिल्लक असेल. कोणाच्या घरी पोलिश बाईने निघताना दिलेली कपबशी असेल, विणलेला टेबलक्लॉथ असेल, मेरीची तसबीर असेल, हिशोबाची वही असेल, पाच-सात पोलिश शब्द पाठ असलेले आजोबा असतील.

वळिवड्याला या वसाहतीचे संग्रहालय व्हावे असा संकल्प झालेला आहे. त्यात बराकीची प्रतिकृती येईल, फोटो येतील, लंडनहून आणि वॉर्साहून वस्तू येतील. त्यांच्या शेजारी वळिवडे, चिंचवाड, गडमुडशिंगी, उचगाव, रुकडी या गावांचे दालन असले पाहिजे, आणि त्याची सुरुवात नावांच्या यादीने झाली पाहिजे. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरात अशी आठवण, वस्तू किंवा नुसते नाव असेल त्यांनी ते लिहून संपादकांकडे द्यावे. गाव, आडनाव, वसाहतीत काय काम करत होते, आणि घरात काय सांगितले जात असे, एवढे चार ओळींत लिहिले तरी चालेल. पुढच्या आवृत्तीत ही नावे पोलिश शिक्षकांच्या यादीशेजारी, त्याच अक्षरांत छापायची आहेत.